कौतिकाबाईसाठी उरलेलं

सन एकोणीसशे चोपन्न. माझं वय अठ्ठावीस. जालन्यात नदीच्या अल्याड एक दवाखाना होता, तिथं मी रोग्यांचा स्वयंपाक करायचो. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं गेली, भिंती बदलल्या, नाव घेऊन काय करायचं. माझं नाव मात्र लिहितो. दगडू. आईनं ठेवलं आणि मी ते जन्मभर खरं करून दाखवलं.

दिवाळी अंकाची पोरं घरी आल्ती. म्हणली, बाबा, तुमच्या कामातलं काहीतरी लिहून द्या. नातू म्हणला, तुम्ही सांगा, मी लिहितो. मी म्हणलो, बिलकुल नाही. तू लिहिशील ते शाळेचं होईल. मी शिकलो दोन वर्ग, तेही उर्दूत. मराठी अक्षरं मी भटारखान्यातल्या डब्यांवरून शिकलो. जिरे, मूग, गूळ, मीठ. त्यामुळं माझ्या मराठीला कुठं जिऱ्याचा वास आला तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं.

अडचण एवढीच की मी आता लिहिता लिहिता पेंगतो. डोळा लागला की दूध तापल्याचा आवाज येतो. उतू जाण्याआधी दूध एक बारीक सुस्कारा टाकतं, तो आवाज. मंग समोर धूर दिसतो, धुरात उन्हाची तिरीप, तिरिपेत उडणारी राख, आणि पलीकडं व्हरांड्यात लिंबाची सावली फरशीवरून हळूहळू सरकत असते. त्या सावलीत एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेली असते. मला वाटतं, आपण अजून कामावर आहोत आणि हे म्हातारपण म्हणजेच दुपारची डुलकी आहे.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

लोकांना वाटतं, आजाऱ्याचा स्वयंपाक म्हणजे सोपा. तिखट घालायचं नाही, भात मऊ गिजगा करायचा, झालं. तसं नसतं. लग्नाच्या आचाऱ्याकडं भुकेली माणसं येतात. त्यांना दगड शिजवून दिला तरी खातील. माझ्याकडं येणारं माणूस अन्न बघितलं की तोंड फिरवायचं. त्यातही पोटाच्या, अन्ननळीच्या गाठीचे रोगी सगळ्यात अवघड. आता सगळे कॅन्सर म्हणतात. तवा आम्ही 'गाठ' म्हणायचो आणि आवाज खाली करायचो. या माणसांना आधी वासाचा राग येतो. माझी लसणाची फोडणी, जिच्यासाठी कंपाउंडर लोक जेवायच्या वेळेआधीच घुटमळायचे, ती या रोग्यांना ओकारी आणायची. भरलं ताट दिसलं की त्यांचं पोट आधीच भरतं. काय खाणार असं विचारलं की काही नको असंच उत्तर येतं. म्हणून विचारायचं नाही, बशीत थोडंसं न्यायचं, कोमट न्यायचं, आणि दर दोन-अडीच तासांनी पुन्हा जायचं. लोचटपणा लागतो या कामाला. माझ्याकडं भरपूर होता.

एक शेठजी होते, मूळचे राजस्थानकडचे, पिढ्यान् पिढ्या जालन्यात आडतीचं दुकान. त्यांची अन्ननळी गाठीनं बंद झाली. डॉक्टरांनी पोटाला भोक पाडून रबरी नळी बसवली. मूगडाळीचं पाणी, दूध, तूप सगळं फडक्यातून गाळून नळीनं आत सोडायचं. दिवस मावळल्यावर ते काही घेत नसत, त्यांच्या धर्मात तसं आहे. म्हणून दिवे लागायच्या आत मी पळत जायचो. जिभेला काही लागायचं नाही, तरी डोळे मिटून विचारायचे, "दगडू, आज क्या खिलाया रे?"

मी सांगायचो, "मूग, शेठजी. वरून जिरं. तूप गायीचं."

"जिरं भाजून का कच्चं?"

"भाजून."

"हां," म्हणायचे, आणि ओठ हलवायचे. चावून खाल्ल्यासारखे. मी तिथंच उभा राहून बघायचो. माणूस नुसता तोंडानं जेवत नाही हे मला त्यांनी शिकवलं. पण मी तवा तरुण होतो, शिकलो म्हणजे लगेच समजलं असं नाही.

त्याच साली दिवाळी होऊन गेल्यावर कौतिकाबाई आली. पिंपळगाव रेणुकाईची. भोकरदनपर्यंत बैलगाडीत, तिथून सर्विस मोटारीत. सोबत नवरा, तुळशीराम. बाई पन्नाशीची असेल, पण हाडं वर आल्ती. कुंकू मोठं, आवाज बारीक. पोटात गाठ. डॉक्टर तिला सरळ म्हणले, "बाई, गाठ काढायचा प्रयत्न करता येईल. पण आज पोट उघडलं तर तुम्ही टेबलावरच जाल. अंगात ताकद नाही. आधी खा. वजन वाढलं तर ऑपरेशन, नाही वाढलं तर मी सुरी लावणार नाही, घरी पाठवीन."

म्हणजे तिचं जगणं माझ्या चुलीवर आलं. मी मनातून खूश झालो. खोटं कशाला लिहू.

पहिल्या दिवसापासून ताट चाटूनपुसून परत. मी सिस्टरला ऐटीत दाखवायचो. सिस्टर वॉर्डातली मोठी नर्स, केरळातून आलेली, मराठी चांगलं बोलायची आणि टोमणे त्याहून चांगले मारायची. आठवड्यानं तिनं कौतिकाबाईला काट्यावर उभं केलं आणि भटारखान्याच्या दारात आली. "दगडूबा, तुमचं जेवण अंगी लागलं."

"लागणारच."

"नवऱ्याच्या. बाईचं वजन घटलं."

मी तरातरा वॉर्डात गेलो. तुळशीराम खाटेच्या कडेला बसून भात खाऊन राह्यला होता. मला बघून त्याचा घास हातातच राह्यला. "ती म्हणली, मी जेवले, हे उरलंय," तो म्हणला. "म्या पानी आनाय गेल्तो. आलो तर ती म्हणली जेवले. रोज तसंच म्हणती."

कौतिकाबाई भिंतीकडं तोंड करून म्हणली, "त्यांनला भूक असती. मला न्हाई. अन्न टाकायचं का मंग?"

मी फार चिडलो. नवऱ्याला कँटीनच्या बाकड्यावर वेगळं जेवायला लावलं आणि तिच्यापुढं ताट ठेवून समोर उभा राह्यलो. तिनं घास उचलला, खाली ठेवला. उचलला, ठेवला. ताट तसंच परत आलं. दुसऱ्या दिवशी तसंच. मी कणी-भात बदलला, आंबील केली, साय घातली, लिंबू पिळलं. मी डॉक्टरांकडं जाऊन म्हणलो, "साहेब, बाई हट्टी आहे. माझ्या हाताला नावं ठेवती."

डॉक्टर हसले नाहीत. मला बसायला सांगितलं. आजाऱ्याच्या बावर्च्याला खुर्ची देणारा मी तो पहिला डॉक्टर बघितला. म्हणले, "दगडू, हट्ट तिचा नाही, रोगाचा आहे. ही गाठ भूकच मारून टाकते. तोंड कडू होतं, दोन घासांत पोट गच्च होतं. तिला खावंसं वाटत नाही हे खरं आहे, ती ढोंग करत नाही. जबरदस्ती केलीस तर उलटी होईल आणि आहे तेही जाईल. रस्ता शोध. मला सापडला तर मी सांगतो, तुला सापडला तर तू सांग."

रस्ता तिनंच दाखवला, पण तिला न कळत.

थंडीचे दिवस होते. वॉर्डात गारठा, म्हणून दुपारी रोग्यांना भटारखान्याच्या व्हरांड्यात उन्हाला आणायचे. कौतिकाबाई येऊन बसायची ती रिकाम्या हाती बसेना. "सूप दे," म्हणली. मी तांदूळ दिले. तिची बोटं तांदळात अशी फिरायची की जणू पाण्यात हात घातलाय. मी चुलीशी, ती उंबऱ्यापलीकडं, मधे धूर. अशी बोलणी व्हायची. कधी ती रेणुकाईच्या देवळातल्या नवरात्राचं सांगायची, कधी शेतातल्या कापसाचं. एकदा म्हणली, "दगडू, लेकरा, भूक कशी असती रे?"

"म्हंजी?"

"इसरले. खरंच सांगते. कापूस येचून आल्यावर चुलीवर भाकर टम्म फुगायची, तवा पोटात कुनीतरी हाक मारल्यावानी व्हायचं. आता तिथं कुनीच न्हाई. दार उघडं हाय, घर रिकामं. तू सांग ना. तुला लागती का न्हाई?"

मी कढई खाली उतरवली. जन्मभर भुकेच्या धंद्यात, पण भूक कशी असते हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी विचार करून म्हणलो, "मावशी, आधी कानाला कळतं. भांडं वाजलं की तिकडं ध्यान जातं. मंग तोंडात पाणी. मंग हात आपोआप गरम होतात. मंग राग येतो, कुणावरबी."

ती हसली. "राग येतो हे बराबर सांगितलंस. आमच्या घरात सगळ्यांनला यायचा. मला येळ नव्हता." मंग म्हणली, "तू आज जेवला का?"

"मी शेवटी जेवतो. माझे उस्ताद होते, जुन्या राजवटीतले बावर्ची. त्यांनी सांगितलंय, शेवटचा रोगी जेवला की बावर्ची जेवणार. त्याआधी घास घेतला तर हात कापीन म्हणायचे."

"मीबी शेवटीच," ती म्हणली. "सासऱ्याचं, मंग दिरांचं, मंग यांचं, लेकरांचं. मंग गडी. मंग जे उरंल ते. तुमी लोक मला पहिलं ताट वाढता, आन समदे उभे राहून तोंडाकडं बघता. घास उतरंल कसा? मला वाटतं, मी कुनाचं तरी खाऊन राह्यले."

माझ्या डोक्यात तवा लख्ख झालं असं म्हणायला बरं वाटतं, पण नाही झालं. मी नुसता चिडलो. "म्हणजे मी जेवल्याबिगर तुम्ही नाही, आणि तुम्ही जेवल्याबिगर मी नाही?"

"आसं दिसतं."

"मी जेवलो," मी म्हणलो.

"खोटं. जेवलेल्या मानसाचा आवाज असा नसतो."

दोन दिवस असं चाललं. माझी भाकरी फडक्यात गार, तिची पेज वाटीत गार. सिस्टर येता-जाता म्हणायची, "एका व्हरांड्यात दोन दगड. आता मधे शेंदूर लावा." तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तुळशीरामला बाजूला घेतलं आणि सांगितलं, अजून घटलं तर गाडी बघून ठेवा. तुळशीराम व्हरांड्याच्या पायरीवर येऊन बसला. रडला नाही. धोतराच्या सोग्याला गाठ मारायचा, सोडायचा, परत मारायचा.

मी चुलीतली लाकडं मागं ओढली. उस्तादांची मनात माफी मागितली, पाट घेतला आणि कौतिकाबाईसमोर मांडून बसलो. "वाढा," मी म्हणलो.

वॉर्डातले रोगी जेवायचे होते अजून. माझ्या आयुष्यात तसं कधी झालं नव्हतं. ती उठली. भाकरी माझ्या ताटात पडली ती सरळ मधोमध पडली. वरण वाढलं, डावीकडं चटणी. "यांनलाबी पाट दे," म्हणली. तुळशीराम माझ्याशेजारी बसला. आम्ही दोघं जेवलो आणि ती समोर गुडघ्यावर हात ठेवून बघत बसली. आमचं झालं. मंग तिनं दुधाचं रिकामं पातेलं ओढलं, त्याच्या बुडाला धरलेली खरवड उलथन्यानं काढली आणि तोंडात टाकली. बोटभर असेल. मंग आणखी बोटभर. कुणी बघत नाही अशी खात्री झाल्यावर आणखी. आम्ही लिंबाकडं बघत होतो. इतकं ध्यान देऊन मी झाड कधी बघितलं नाही.

संध्याकाळी मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणले, "मग रोज उरू दे."

आता यात माझं काय गेलं ते बाहेरच्याला कळणार नाही. बावर्च्याची अब्रू अंदाजात असते. किती माणसं, किती तांदूळ, हे हातानं कळलं पाहिजे. माझ्या भटारखान्यात कधी उरलं नाही आणि कधी कमी पडलं नाही, यावर मी जालनाभर फुशारक्या मारल्या होत्या. त्या दिवसापासून माझं रोज उरायला लागलं. एक छोटं पितळी पातेलं होतं, कल्हईचं. त्यात दूध, भिजवून वाटलेले तांदूळ, गूळ, चमचाभर तूप घालून मंद विस्तवावर आटवायचं. इतकं की बुडाला जाड सायीसारखी खरवड धरायची. करपू द्यायची नाही, नुसती धरू द्यायची. आणि मंग व्हरांड्यात जाऊन, तोंड पाडून म्हणायचं, "मावशी, उरलं. फेकू का?"

"आरं देवा. फेकतू कशाला? आन इकडं."

दुपारी कण्या उरायच्या. चार वाजता आंबील उरायची. दिवे लागताना वरणाची निवळ उरायची. दर वेळी वाटीभरसुद्धा नाही, पण दर वेळी. कंपाउंडर हसायचे, "दगडूबा, लगीन करा, डोकं ठिकाणावर नाही तुमचं." सिस्टर सगळ्यांदेखत म्हणायची, "ह्यांना आता मोजायला शिकवा." तिला सगळं माहीत होतं आणि तिला त्यात फार मजा यायची. मी खाली मान घालून ऐकून घ्यायचो. अंगाचा तिळपापड व्हायचा.

आणि कौतिकाबाई मला शिकवायची. "पसा आसा धरायचा. चार मानसाला एवढे तांदूळ. न्हाई, एवढे." मी तिच्याकडून तांदूळ मोजायला शिकायचो! मी!

भूक तिला परत आली असं कुणी समजू नये. नाही आली. कधी खाल्लेलं उलटून पडायचं, मंग मी तासभर थांबून परत उरलेलं घेऊन जायचो. पण काटा आधी थांबला, मंग हलला, मंग वर सरकला. एके दुपारी तिला उन्हात डुलकी लागली. जागी झाली ती म्हणली, "सपनात भाकर फुगली रे. आन पोटात कुनीतरी बोललं." मी विचारलं, "काय बोललं?" म्हणली, "लांबून बोललं. कळलं न्हाई." तिच्या तोंडावर तवा जे होतं ते मला लिहिता येत नाही. मी नुसता चुलीत फुंकर घालत बसलो, चूल पेटलेली असतानाच.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण मला जिथं थांबायचंय तिथंच मी थांबणार आहे. ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली नाही. डॉक्टरांनी अन्नाला दुसरी वाट करून दिली. शिवलेलं पोट भरून यायला वेळ लागला, तितके दिवस तिला गाळलेलं पातळ दिलं, आणि तुळशीराम माझ्याजवळ उभा राहून ते करायला शिकला. घरी कधी चूल न पेटवलेला माणूस. फडकं पिळताना जीभ बाहेर काढायचा. ती गावी गेली. पुढच्या हुरड्याला तुळशीराम गाठोडं घेऊन आला. "तिनं धाडलाय," म्हणला. "चार दाने तिनंबी खाल्ले. माझं झाल्यावर." त्याच्यानंतरच्या पेरणीच्या दिवसांत ती गेली. ते सांगायला तो आला तवाही मी त्याला आधी जेवायला बसवलं. तो म्हणला, शेवटपर्यंत मी रांधायचो, आधी मी जेवायचो, मंग ती माझं उरलेलं म्हणून घ्यायची. "भाऊ, मलाबी लई अंदाज चुकवावा लागला," तो म्हणला, आणि आम्ही दोघं हसलो. रडलो असं लिहायला पाहिजे, पण हसलो.

आता ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं. दिवे लागायची वेळ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्या सकाळी तोंडात पाण्याचा थेंब नाही. मी छोटं पातेलं घेऊन गेलो. व्हरांड्यातलं ऊन गेल्तं, फरशी अजून कोमट होती. तिनं खरवड काढून खाल्ली, पातेल्याच्या कडा बोटानं पुसल्या आणि म्हणली, "दगडू, तुझा अंदाज कधीच चुकला न्हाई ना रे?"

मी तिच्या हातून पातेलं घेतलं.

"मला पयल्या दिवसापासून ठावं हाय. रोज इतकी गुळाची खरवड कुनाची उरती? वॉर्डात तर समद्यांनला फिक्कं दूध."

"मंग बोलल्या का नाही?"

"बोलले आस्ते तर खाता आलं आस्तं का?" ती म्हणली. "तू मान खाली घालून 'उरलं' म्हनायचा, तवा मला वाटायचं, या पोराला एवढं खाली बघाय लावलंय, तर दोन घास जाऊ दे आत."

मंग तिनं लिंबाकडं बघितलं. अंधार पानापानात शिरत होता. म्हणली, "उद्या मला काय खायचं न्हाई. तर उद्या काय उरू देऊ नगं. बराबर कर. समद्यांनला दिसू दे तुझा हात. आन तू आधी जेव. मला नेतील तवा माझ्या मागं कुनी उपाशी नसावं. तेवढं झालं की मी खुशाल जाईन."

"रोग्यांच्या आधी?"

"माझ्या आधी," ती म्हणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवली. तांदूळ हातानं घेतले, मापानं नाही. वॉर्डात पेज गेली, दूध गेलं, कंपाउंडरांचा चहा गेला, सिस्टरचा गेला. शेवटची वाटी भरली आणि पातेलं रिकामं झालं. तळाला शीत नाही. सिस्टरनं आत डोकावून बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. मी छोटं पातेलं राखेनं घासलं, पण पालथं घातलं नाही. तोंड वर करून व्हरांड्याच्या कठड्यावर उन्हात ठेवलं. मंग पाट मांडला, माझ्यापुरती ठेवलेली भाकरी आणि वरण घेतलं आणि बसलो. वॉर्डाचं दार उघडलं. तुळशीराम पुढं, मागं दोघं गडी तिची खाट उचलून. माझ्यापाशी आल्यावर तिनं हात वर केला, तसे ते थांबले.

"जेवला का?" तिनं विचारलं.

तोंडात घास होता म्हणून बोलता आलं नाही. मी मान हलवली आणि दुसरा घास मोडला.